‘सगळं छान चाललंय’ : पहिल्या सत्रातल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला त्या विद्यार्थ्याने परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. नाव देत नाही, नुसतं ‘तो’ म्हणते. मी विद्यापीठात समुपदेशक आहे आणि या प्रकरणात माझ्याकडून एक ठळक चूक झाली. ती वगळली असती तर हे लिखाण निम्म्यात आटोपलं असतं आणि कुणाच्या फारसं उपयोगीही पडलं नसतं.

पार्श्वभूमी

वय १८. घरातून विद्यापीठापर्यंत पोचलेला पहिलाच. गावातल्या शाळेत त्याच्या वर्गात २३ मुलं होती आणि पहिला नंबर कुणाचा, हा प्रश्न तिथे कधी पडलाच नाही. कुणाला अर्ज भरायचा असला, कुणाच्या घरी न समजणारं पत्र आलं, की यालाच हाक मारायचे. म्हणजे गावात त्याला एक जागा होती, काम होतं, थोडा मानही होता. विद्यापीठातल्या वर्गात १४० जण. तिथे तो हजेरीपटावरचा एक क्रमांक झाला.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. गावात त्याला मैत्री कधी ‘करावी’ लागली नव्हती. मित्र आधीपासून होतेच, जशा गल्ल्या होत्या, जसा रस्ता होता. अमक्याचा मुलगा म्हटलं की पुढची ओळख आपोआप व्हायची. वसतिगृहात मात्र आपण कोण, कुठले, आपल्याला काय आवडतं हे रोज नव्याने सांगावं लागतं, आणि तेही सहज गप्पा मारल्यासारखं. हे कौशल्य आहे आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याच्या शहरी वर्गमित्रांनाही कुणी शिकवलं नव्हतं म्हणा, पण शाळा बदलत, क्लास बदलत त्यांच्या ते अंगवळणी पडलेलं होतं.

अडचण काय दिसली

सातव्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या सरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. सलग तीन प्रात्यक्षिकं चुकली होती. आपणहून तो आला नसता. पहिल्या पाऊण तासात ‘मी ठीक आहे, मॅडम’ हे त्याने चार वेळा सांगितलं.

झोप लागायला रात्रीचे दोन वाजायचे आणि पहाटे चारला जाग यायची. मेस बंद होण्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत जाऊन जेवून यायचा. अंदाजे चार किलो वजन कमी झालं होतं. शिकायला बसला की तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचा. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मी भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांतल्या उदासीच्या लक्षणांवर ० ते २७ असे गुण देणारी ही चाचणी, आणि १० पासून पुढे लक्षणं मध्यम तीव्रतेची धरतात. त्याचे १३ आले. स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्य होतं. तरी कागदावर विसंबून न राहता मी तोंडीही सरळ विचारलं. नाही म्हणाला.

हजेरीचा तक्ता पाहिला तेव्हा एक गंमत दिसली. प्रात्यक्षिकं बुडाली होती, पण व्याख्यान एकही चुकलेलं नव्हतं. आळस असता, अभ्यास झेपत नसता, तर हजेरी दोन्हीकडे घसरली असती. फरक एवढाच होता की व्याख्यानाला शेवटच्या बाकावर एकट्याला बसता येतं, प्रात्यक्षिकाला जोडी लागते. पहिल्या दिवशी ‘आपापल्या जोड्या करा’ असं सांगितलं गेलं. दोन मिनिटांत खोलीभर जोड्या लागल्या आणि हा उरला. मग सरांनी त्याला एका जोडीत तिसरा म्हणून जोडून दिलं. उपकरणं दोघांपुरती होती. पुढचे चार आठवडे तो आकडे टिपून घेत उभा राहिला आणि पाचव्या आठवड्यापासून गेलाच नाही.

त्याचं स्वतःचं निदान ठरलेलं होतं: ‘मी इथल्या लायकीचा नाही. गावात मोठा वाटलो, कारण गाव लहान होतं.’ मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात हेच ‘लहान तळ्यातला मोठा मासा’ या प्रतिमेतून मांडलं. क्षमता तीच असली, तरी हुशार मुलांच्या वर्गात गेल्यावर माणूस स्वतःला कमी लेखू लागतो, कारण मोजपट्टी बदललेली असते. मी हे त्याला समजावून सांगितलं. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं. उपयोग काडीचाही झाला नाही.

समोर असलेले पर्याय

सत्र सोडून घरी परतायचं, हा त्याचा पर्याय. गावाजवळच काहीतरी शिकेन म्हणाला. कच्च्या विद्यार्थ्यांच्या जादा तासांना बसवायचं, हा विभागाचा पर्याय. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवून औषधं सुरू करावीत, असं माझे एक सहकारी म्हणाले. आणि समुपदेशन चालू ठेवून भोवतीच्या व्यवस्थेत थोडे बदल करून पाहायचे, हा माझा कल.

औषधांचा विचार मी बाजूला सारला नाही, पुढे ढकलला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘समायोजन विकार’ आहे. त्याची लक्षणं सहसा ताण सुरू झाल्यापासून महिन्याभरात दिसतात आणि ताण टिकून राहिला नाही तर बहुधा सहा महिन्यांत ओसरतात. चित्र याच्याशी जुळत होतं. तीन आठवड्यांत गुण उतरले नाहीत किंवा नवव्या प्रश्नाचं उत्तर बदललं तर लगेच तज्ज्ञांकडे जायचं, हे त्याच्यासमोरच लिहून ठेवलं.

जादा तासांना मी विरोध केला. त्याची वही पाहिल्यावर तर ठामपणे केला. झोपेबद्दल बोलताना त्याने वही टेबलावर ठेवली होती. विचारून मी ती उघडली. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काही शब्द, काही सूत्रं होती आणि काहींच्या शेजारी एकेक टिंब. हे काय, म्हटलं. वर्गात प्रश्न विचारला गेला की तो उत्तर समासात लिहायचा. नंतर दुसऱ्या कुणीतरी दिलेलं बरोबर उत्तर त्याच्या उत्तराशी जुळलं की टिंब द्यायचा. मी टिंबं मोजली. सहा आठवड्यांत एकाच विषयात ३१.

म्हणजे उत्तर येत होतं. मग हात का नाही वर? ‘प्रश्न आधी मनात आपल्या भाषेत येतो. मग उत्तर सुचतं, मग ते त्या भाषेत न्यायचं. तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो.’ भाषा येत नव्हती असं नाही, तिला वेळ लागत होता. अशा मुलाला ‘कच्चा’ म्हणून वेगळं बसवलं असतं तर त्याच्या मनातल्या निदानावर विभागाचा शिक्काच बसला असता.

काय केलं, आणि कुठे चुकलं

पहिला बदल सोपा निघाला. त्या विषयाच्या मॅडमना मी विनंती केली की प्रश्न विचारल्यावर थोडं थांबा, सगळ्यांनाच उत्तर लिहायला सांगा आणि मग कुणाला तरी विचारा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर किंवा पुढे नेलं तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात आणि न विचारता बोलणारेही वाढतात. मॅडम तयार झाल्या. प्रात्यक्षिकाच्या सरांनी जोड्या हजेरी क्रमांकानुसार लावून दर तीन आठवड्यांनी बदलायचं ठरवलं. दोन्ही बदल सगळ्या वर्गासाठी होते. त्याचं नाव कुठेही आलं नाही.

दुसरा बदल आधी फसला. त्याच्यासारख्याच गावाकडून आलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी मी त्याची गाठ घालून दिली. ही कल्पना माझी नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ‘आपण इथले नाही असं सुरुवातीला बहुतेकांनाच वाटतं आणि ते हळूहळू ओसरतं’ हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्षाच्या मुलांच्या अनुभवांतून कळू दिलं होतं. तासाभराच्या त्या एका उपक्रमाचा परिणाम कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांवर पुढची तीन वर्षं दिसला. मी मात्र निवडला तो पदकं मिळवलेला, सभा गाजवणारा मुलगा. त्याने अर्धा तास ‘मेहनत केली की सगळं होतं’ हे सांगितलं. आमचा मुलगा आला तो आणखी आक्रसून. ‘ते वेगळेच आहेत, मॅडम.’ दोन आठवड्यांनी दुसऱ्या एकीला विचारलं. ती पहिल्या सत्रात दोन विषयांत नापास झाली होती आणि ते सांगायला तिला संकोच नव्हता. तिने सल्ला दिलाच नाही. कुठल्या आठवड्यात काय बिघडलं, कुणाला विचारायला ती घाबरली, पुन्हा परीक्षेला बसताना वर्गात कोण कोण होतं, एवढंच सांगितलं. तो तिच्याशी दीड तास बोलला.

आता माझी चूक. दुसऱ्याच भेटीत मी त्याला म्हटलं होतं, ‘पुढचे सहा आठवडे घरी जाऊ नकोस. इथे जरा रूळ.’ यामागे अनुभव होता. दर सुट्टीला घरी पळणाऱ्या मुलांचं वसतिगृहात काहीच उभं राहत नाही, असं मी पाहिलेलं आहे. त्याने लगेच मान डोलावली. इतक्या लगेच की मी तिथेच थबकायला हवं होतं. घरच्या आठवणीने रात्र रात्र जागणारा मुलगा घरी न जायला एका शब्दात तयार कसा होतो?

उत्तर पाचव्या भेटीत मिळालं, तेही योगायोगाने. पुढच्या भेटीची वेळ फोनमध्ये टिपून ठेव म्हटलं, तेव्हा त्याने नोंदींचं पान उघडलं आणि चटकन बंद केलं. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने त्यानेच ते माझ्यासमोर धरलं. यादी होती.

‘मंगळ – प्रयोगात सरांची शाबासकी.’
‘शुक्र – तीन मित्र. एकाचे वडील डॉक्टर.’
‘रवि – स्पर्धेत नाव दिलं.’

यातलं काहीच घडलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी आठला तो गच्चीच्या जिन्यात बसून घरी फोन करायचा आणि ‘सगळं छान चाललंय’ म्हणायचा. पहिल्या आठवड्यात तेवढ्यावर भागलं. मग आई विचारू लागली, छान म्हणजे काय? तेव्हा तपशील द्यावे लागले. ‘आई काही विसरत नाही, मॅडम. मागे काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं.’ म्हणून यादी. तिकडे वडील या बातम्या चारचौघांत सांगत होते. घरी गेला असता तर पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी स्पर्धेचं विचारलं असतं.

म्हणजे घरी जाऊ नको हा माझा सल्ला त्याला हवाच होता. मला वाटलं, मी त्याची पळवाट बंद करतेय. खरं तर मी ती त्याला रीतसर लिहून दिली होती. ज्या घराच्या आठवणीने तो झुरत होता, त्याच घरी तोंड दाखवायची भीतीही होती. घराची ओढ म्हणून मी जे नोंदवत होते, त्यात निम्मा भाग या रोजच्या खोट्याचा शीण होता.

पुन्हा निर्णय

सहा आठवड्यांची अट मी त्याच भेटीत मागे घेतली आणि ती चुकीची होती हेही सांगितलं. मग तीन वाटा होत्या. निकाल लागेपर्यंत गप्प राहायचं, मी घरी फोन करायचा, किंवा त्याने स्वतः सांगायचं. मी फोन करणं मला पटत नव्हतं. तो सज्ञान आहे, त्याच्या संमतीशिवाय प्रश्नच नव्हता, आणि संमती असती तरी ‘विद्यापीठातून फोन आलाय’ याचा घरात काय अर्थ झाला असता, तो वेगळाच.

ठरलं ते असं: सगळं एकदम सांगायचं नाही. एकच खरी गोष्ट सांगायची. त्याने निवडली ती चुकलेली प्रात्यक्षिकं. आम्ही बोलण्याची तालीम केली. इतके दिवस तो माझ्याशी पुस्तकी, जपून बोलायचा. तालमीत म्हटलं, घरी बोलतोस तसंच बोल. तो त्याच्या बोलीत आला आणि त्याचा आवाज मी पहिल्यांदा खोलीबाहेर ऐकू जाईल एवढा ऐकला.

रविवारी त्याने सांगितलं. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आता लोकांना काय सांगू मी?’ आणि फोन ठेवला. दोन दिवस घरून फोन नाही. सोमवारी मी त्याला बोलावून घेतलं. अवस्था वाईट होती. त्या दिवशी मला वाटलं, घाई झाली. इजेबद्दलचा प्रश्न पुन्हा थेट विचारला. रात्री गरज पडली तर कुणाला हाक मारायची, कुठे फोन करायचा, हे लिहून दिलं.

बुधवारी आईचा फोन आला. ‘रोज फोन करू नकोस. सांगण्यासारखं काही असेल तेव्हा कर.’ त्याला तो राग वाटला. मलाही आधी तसाच वाटला. पण गुरुवारी आठ वाजता त्याच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो मेसमध्ये गेला. आठ ही मेसमधल्या गर्दीची वेळ. मी समजत होते की तो गर्दी टाळायला उशिरा जातो. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं कारण फोनचं होतं: त्या वेळेला तो जिन्यात बसून उद्याची बातमी रचत असायचा. त्या रात्री नव्या प्रात्यक्षिक जोडीदाराने त्याला ओळखलं आणि शेजारी बसायला सांगितलं.

परिणाम

अकराव्या आठवड्यात तो चार दिवस घरी जाऊन आला. स्पर्धेचंही सांगून टाकलं. वडील फार बोलले नाहीत, पण निघताना गाडीपर्यंत आले. पुढे पीएचक्यू-९ चे गुण ९ वर आले, सत्राच्या शेवटी ६. औषधांची वेळ आली नाही. तीन आठवड्यांची मुदत उलटली तेव्हा गुण ११ होते. उतरत आहेत म्हणून थांबण्याचा निर्णय मी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून घेतला, एकटीने नाही.

परीक्षेत एक विषय राहिला, बाकीचे सुटले. प्रात्यक्षिकं भरून निघाली. वर्गात त्याने सत्रभरात दोनदा हात वर केला. बसतो अजून मागेच, फक्त शेवटच्या बाकावरून त्याच्या पुढच्यावर आला आहे. खोलीतल्या मुलांशी त्याचं जमलेलं नाही आणि जमेल असं मला दिसत नाही. पुढच्या वर्षी खोली बदलून घेणार आहे. फोनमधली यादी त्याने पुसली का, हे मी विचारलेलं नाही.

आज हे प्रकरण आलं तर

सातव्या आठवड्याची वाट पाहणार नाही. हजेरी घसरल्यावर विद्यार्थी आमच्याकडे येतो, म्हणजे बराच उशिरा. तिसऱ्या आठवड्यात वसतिगृहातल्या सगळ्याच नव्या मुलांशी दहा मिनिटं बोलणं शक्य आहे. आता आम्ही ते करतो आणि ते ‘गावाकडच्या मुलांसाठी’ असं न म्हणता करतो.

बेकर आणि सिरिक या संशोधकांनी १९८४ मध्ये विद्यार्थ्याच्या रुळण्याचे चार भाग वेगळे मोजले: अभ्यास, माणसं, मन आणि संस्थेशी जोडलेपण. मी ही विभागणी रोज वापरते, आणि या प्रकरणात तिनेच माझी थोडी दिशाभूल केली. चारही भाग विद्यापीठाच्या आवारातले. याचा गुंता बराचसा आवाराबाहेर, रोजच्या वीस मिनिटांच्या फोनमध्ये होता. सोडून आलेल्या घरी आपण कोण म्हणून ओळखले जातो, हा पाचवा रकाना मी आता हाताने आखते.

घरी जावं की नाही, याचा सरसकट सल्ला देणं मी बंद केलं आहे. आधी विचारते, गेलास तर पहिल्या संध्याकाळी काय होईल? उत्तर रंगवून सांगणारा मुलगा आणि खाली बघणारा मुलगा, दोघांसाठी सल्ला वेगळा असतो.

फोनच्या तालमीबद्दल अजूनही मनात शंका आहे. ‘एक खरी गोष्ट’ ही युक्ती चालली, पण वडिलांच्या बाजूची तयारी आम्ही काहीच केली नव्हती. आम्ही त्याची वाक्यं बसवली, पलीकडचा माणूस काय गमावतोय ते पाहिलं नाही. चारचौघांत मुलाचं कौतुक सांगून बसलेल्या बापाला ते परत कसं घ्यायचं हा प्रश्न पडणारच होता. त्याचा ‘लोकांना काय सांगू’ हा मला तेव्हा कोडगेपणा वाटला होता. आज पुन्हा करायचं झालं तर तालमीत वडिलांची भूमिका मी त्यालाच करायला सांगेन.